दीडशेला एक कमी

एक मार्क म्हणजे नेमका किती, यावर शनिवारपासून गारखेड्यातल्या त्या घरात चार माणसांची चार मतं होती. सोमवारी अकराच्या सुमारास बिडकीनहून द्वारकाबाई आली आणि पाचवं मत दारातून आत शिरलं.

"एक मार्क काय मार्क असतोय व्हय?" चपला काढता काढताच ती म्हणाली. "आमच्या टायमाला मास्तर नुसतं अक्षर चांगलं म्हणून दोन-दोन मार्क टाकायचे."

"अक्षराचा प्रश्नच नाय अक्का," तिचा धाकटा भाऊ रामकिसन म्हणाला. "कम्प्युटरवर असती परीक्षा."

"मग कम्प्युटरवाल्याला गाठा की कुणीतरी."

रामकिसननं तिच्यासाठी सतरंजी अंथरली. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस तो. नियम सांगून लोकांना पटत नसतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. नियम तसा साधा होता. परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना इथं पेशंटला हात लावायचा तर सरकारी परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यातल्या एकावर क्लिक करायचं. दीडशे बरोबर आले तर तुम्ही डॉक्टर, नाहीतर नाही. त्याची लेक शिवकन्या किर्गिझस्तानातून सहा वर्षं शिकून आली होती, तिसऱ्या खेपेला परीक्षेला बसली होती, आणि शनिवारी निकाल लागला तो एकशे एकोणपन्नास.

पहिल्या खेपेला एकशे बारा होते, दुसऱ्या खेपेला एकशे एकतीस. तेव्हा रडारड झाली, पण गोंधळ नव्हता. नापास म्हणजे नापास, विषय संपला. या एकशे एकोणपन्नासनं मात्र सगळ्यांच्या डोक्याचा पार भुगा केला. पोरीला शाबासकी द्यावी का तिची समजूत काढावी, हेच कुणाला कळेना. शिवकन्याच्या आईनं, आशाबाईनं, शनिवारी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला आणि भाजता भाजताच ती रडायला लागली. शिरा मात्र केला, आणि सगळ्यांनी तो खाल्लाही.

"कुठाय ती?" द्वारकाबाईनं विचारलं.

"आतल्या खोलीत पडलीय. येती," आशाबाई म्हणाली.

"येऊ दे निवांत. मी काय रागवायला आले नाय. मी काम घेऊन आले."

मागच्या दारानं मधला भाऊ सांडू आला. सोमवारी त्याचं मटणाचं दुकान बंद. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळं सोमवारचं जेवण रामकिसनकडंच. त्याच्या मागं निजामुद्दीन. यांचा बाप पुंजाराम अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर सोयगावहून या शहरात आला, त्यानं दुकान टाकलं, तेव्हा बकरा हलाल करायला निजामुद्दीनचा बाप असायचा. आता निजामुद्दीन असतो. घरच्या बैठकीला त्याला कुणी बोलवत नाही, कारण तो आधीच येऊन बसलेला असतो.

चहा झाला. द्वारकाबाईनं बशी खाली ठेवली आणि मुद्द्याला हात घातला. बिडकीनला तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर आता लेकाकडं पुण्याला चालले होते. दवाखाना बंद करायचा नाही, पाटी त्यांचीच राहणार, खुर्चीत फक्त दुसरं कुणीतरी बसवायचं.

"कंपन्या आल्यापासून रांग लागती तिथं," ती म्हणाली. "मी म्हणलं, घरची पोरगी असताना दुसरं कुणी कामून? गुरुवारपासून बसायचं. आज संध्याकाळपर्यंत व्हय का नाय ते सांगायचंय, नाहीतर त्यांनी दुसरा माणूस बघून ठेवलाय."

"पाटी त्यांची अन् बसायचं हिनं?" आशाबाई म्हणाली. "म्हंजे चोरूनच की अक्का."

"चोरून कशाचं? चांगलं दिवसाढवळ्या."

"अन् कुणी तक्रार केली तर? एकदा बोगस म्हणून नाव लागलं पोरीला, तर परत खरं नाव लागंल का कधी?"

द्वारकाबाईला हा प्रश्न आवडला नाही, कारण तो तिलाही कालपासून टोचत होता. पण तिचंही काही चुकीचं होतं असं नाही. चाळीस वर्षं बिडकीनमध्ये तिला खाटकाची द्वारका म्हणत. पोरगी परदेशी गेली त्या दिवसापासून लोक डॉक्टरची आत्या म्हणायला लागले. हळदीकुंकवाला पुढं बसवायला लागले. ही जागा तिनं स्वतःच सांगून सांगून मिळवली होती, आणि आता तीन खेपांनंतर बायका तोंड वळवून हसायला लागल्या होत्या. पोरगी एकदा त्या खुर्चीत दिसली की सगळ्यांची तोंडं बंद, एवढंच तिला कळत होतं.

"परीक्षा सोड असं कुठं म्हणते मी?" ती जरा नरमाईनं म्हणाली. "बसून बसून अभ्यास करंल. हात बी बसंल."

रामकिसननं मान हलवली, आणि आशाबाईनं ती हललेली मान बघितली. तो दमला होता. गाडी सुटायच्या वेळेला धावत येणाऱ्या प्रवाशासाठी तो कायम घंटी थांबवायचा; पण तीनदा धावून तीनदा मागं राहिलेल्या माणसाला काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. त्यापेक्षा बिडकीनची गाडी समोर उभी होती.

"अक्का म्हणतीय त्यात तथ्य हाय," तो म्हणाला.

"काय तथ्य हाय?" सांडू एकदम म्हणाला. "पोरगी पुन्हा परीक्षेला बसंल. आशा म्हणती ते बरोबर. एका मार्काचा तर सवाल हाय."

दोन इकडं, दोन तिकडं झाले. निजामुद्दीन कुणाच्याच बाजूचा नव्हता. त्यानं आपली शंका काढली. "लेकिन वो एक नंबर किसके हिस्सेका गया, ये तो देखो पहले."

झालं. घरात जो काही गोंधळ व्हायचा बाकी होता तो या एका वाक्यानं झाला.

निजामुद्दीनचा प्रश्न समजायला या घरची रीत माहिती पाहिजे. सणाला चार घरांत मिळून बकरा पाडला की मटणाचे सारखे वाटे लावायचे. एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून "हा कुणाचा?" म्हणायचं, आणि पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याला जे आलं ते त्यानं गुमान न्यायचं. हाडकं जास्त आली म्हणून कुरकुर नाही. शिवकन्या पहिल्यांदा नापास झाली तेव्हा घरानं हेच केलं. पायाच्या सहा विषयांत ती कच्ची होती. करोनाची दोन वर्षं ती मोबाईलवरच डॉक्टरकी शिकलेली, तिथल्या मास्तरांचं अर्धं रशियन तिच्या डोक्यावरून गेलेलं. मग सांडूनं सतरंजीवर सहा पुस्तकं मांडली, आशाबाई पाठमोरी उभी राहिली, आणि विषयांचे वाटे झाले. ज्याच्या वाट्याला जो विषय त्यानं तो पोरीकडून रोज घोकून घ्यायचा. शिवकन्यानं प्रत्येकाला देवनागरीत प्रश्न-उत्तरांच्या वह्या करून दिल्या.

रामकिसनला शरीराचं कामकाज आलं. आशाबाईला बायोकेमिस्ट्री, ती कणीक मळता मळता सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-किटोग्लुटारेट असं सगळं चक्र धडाधड म्हणायची, ते चक्र कुठं फिरतं हे मात्र तिला कधी कळलं नाही. द्वारकाबाई फोनवरून जंतू विचारायची. औषधं निजामुद्दीनच्या वाट्याला गेली, ते बरंच झालं; त्याची लेक राहत मेडिकलच्या दुकानात कामाला होती. पॅथॉलॉजी शिवकन्याची स्वतःची. आणि ॲनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना, आली सांडूला. तेव्हा सांडूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चौथीत शाळा सुटलेला माणूस तो; पण हे एक असं शास्त्र निघालं की ज्यात त्याचा चाळीस वर्षं हात बुडालेला होता.

"माझ्या वाट्याचा नाय गेला," आशाबाई म्हणाली. "ते ग्लुकोजचं आलतं, तिला बरोबर आलं. तिनंच सांगितलं."

"जंतूंचं बी बरोबर," द्वारकाबाई म्हणाली. "पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा. मी तिला शंभरदा विचारलंय."

"औषधमें मेरा कुछ गडबड नै," निजामुद्दीन म्हणाला, पण जरा हळू.

"मग काय माझ्यात गेला?" रामकिसन चिडला. "सगळे मिळून माझ्याच गळ्यात घाला."

"तुझ्या नाही तर कुणाच्या?" द्वारकाबाई म्हणाली. घटकेपूर्वी तो तिच्या बाजूचा होता हे ती विसरली. "ड्युटीवरून येऊन झोपायचास तू."

आतल्या खोलीत शिवकन्या उठून बसली होती. भिंतीपलीकडं बाप, आई, आत्या एकमेकांवर मार्क ढकलत होते आणि तिला हसूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. तिला सव्विसावं लागलं होतं. तीन दिवस ती एकाच गोष्टीला भीत होती, आणि निजामुद्दीनचाचांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. ती ओढणी घेऊन बाहेर आली.

"आत्या, मी येते बिडकीनला," ती म्हणाली. "गुरुवारी ना? येते."

सगळे तिच्याकडं बघत राहिले. द्वारकाबाईच्या तोंडावर आनंद आला, पण सांडूनं हात वर केला.

"थांब. तू अशी कामून बोलूलीस? कुणाला भिऊन?"

"कुणाला नाय तात्या. कंटाळा आला."

"कंटाळा. बरं. मग मला एक सांग. मपल्या विषयाचं काय काय आलतं? तू परवापासून समद्यांचं सांगितलं, ग्लुकोजचं सांगितलं, पटकीचं सांगितलं. दिलाचं काय आलंच नाय का?"

"आलं होतं."

"काय?"

तिनं आईकडं बघितलं. आशाबाईला काही माहीत नव्हतं, ती उगाच मान हलवून सांग म्हणाली.

"हृदयाच्या पाठीमागच्या खाचेतून एक रक्तवाहिनी खाली येती," शिवकन्या म्हणाली. "ती बहुतेक माणसांत कुठून निघती, उजव्या वाहिनीतून का डाव्या, असं होतं."

सांडूचा चेहरा खुलला. हा तर त्याचा धडा. सकाळी सहाला, गिऱ्हाईक यायच्या आधी, तो ताजं दिल पाटावर ठेवायचा, चरबी सोलायचा आणि खराट्याची काडी नळीत घालून पोरीला दाखवायचा: बघ, इथून शिरली, डावीकडून वळसा घातला, ही पाठीमागं उतरली. तिचा हात धरून काडी फिरवून घ्यायचा. एक दिवस नाही, दोन महिने.

"मग तू काय लिहिलं?"

"डावी."

"शाब्बास," सांडू म्हणाला आणि निजामुद्दीनच्या मांडीवर थाप मारली. "बघा. माझ्या वाट्याचा बी नाय गेला."

शिवकन्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. आशाबाई पोरीकडं बघत होती. तिनं उठून कपाटावरचं जाड पुस्तक काढलं, हृदयाचं पान तिला चित्रावरून ओळखता आलं, आणि ते रामकिसनपुढं धरलं. रामकिसन बोट ठेवून एकेक इंग्रजी शब्द जुळवत वाचायला लागला. वाचून झालं तरी तो बोट उचलेना.

"यात तर उजवी लिहिलंय," तो म्हणाला.

"छापणाऱ्यानं चूक केली," सांडू म्हणाला. "मी काय दोन-चार दिलं फाडली का? हजारो झाली."

"दादा, पुस्तक परदेशाचं हाय," रामकिसन म्हणाला.

"मग तिकडच्या माणसांचं उजवं असंल," द्वारकाबाई म्हणाली.

"आण इकडं," म्हणून सांडूनं पुस्तक ओढलं आणि चित्र बघितलं, आणि त्याला मार्ग सापडला. "अरे, ह्यो माणूस आपल्याकडं तोंड करून हाय. त्याचं उजवं म्हंजे आपलं डावं. झालं की. म्हंजे डावंच."

"चित्रातलं उजवं-डावं त्या माणसाचं धरायचं का बघणाऱ्याचं?" रामकिसनला खरंच कळेना.

"मैं खडा रहता ना. मेरेमें बताव," निजामुद्दीन उठला आणि खोलीच्या मधोमध छाती काढून उभा राहिला. सांडूनं त्याच्या छातीवर बोट टेकवलं. रामकिसन समोर उभा राहून आपला उजवा हात वर करून बघायला लागला, मग डावा. द्वारकाबाई म्हणाली, नस पाठीमागं आहे तर याला पाठ फिरवायला लावा. निजामुद्दीननं पाठ फिरवली. आता सांडूचं आणि त्याचं उजवं एकाच बाजूला आलं, आणि मघाशी जुळलेलं सगळं पुन्हा उलटं झालं.

"बकरा टांगलेला असतोय उलटा," सांडू स्वतःशीच बोलत होता. "पाय वर, मुंडकं खाली, पोट माझ्याकडं. म्हंजे त्याचं डावं माझ्या डाव्या हाताला. अन् माणूस सरळ उभा, त्याचं डावं माझ्या उजव्या हाताला. मग मी डावं डावं म्हणत होतो ते..." तो थांबला. त्याला घाम फुटला होता. "ते उजवं तर नव्हतं? पोरी, मी तुला उजवं-डावंच चुकीचं शिकवलं का?"

हे विचारताना त्याचा आवाज असा खाली गेला की शिवकन्याला ते सोसेना. तीन दिवस ती जे पोटात ठेवून होती ते यासाठीच.

"नाय तात्या," ती म्हणाली. "तुम्ही एकदम बरोबर शिकवलं. डावं ते डावंच. बकऱ्यात ती डावीकडूनच येती. माणसात उजवीकडून. दोघांचं वेगळं असतंय."

निजामुद्दीन अजून पाठ करूनच उभा होता.

"तुला हे माहीत होतं?" सांडूनं विचारलं.

"पुस्तकात वाचलं होतं. पेपरात आधी मी उजवीवरच क्लिक केलं होतं. मग शेवटची पाच मिनिटं राहिली, डोकं चालेना. डोळे मिटले तर मला तुमचा पाट दिसला, काडी दिसली. हातानं केलेलं खोटं कसं असंल, म्हणलं. अन् बदललं."

सांडू खाली बसला. हातांकडं बघत राहिला. या हातांनी बापाचा धंदा सांभाळला, धाकट्याला शिकवलं, कुणाचं वाईट केलं नाही. पोरीला डॉक्टर करण्यात आपलाही हात लागला, हे त्याला फार वाटत होतं. दुकानात गिऱ्हाइकांना तो सांगायचा, ॲनाटॉमी माझ्याकडं आहे म्हणून.

"जाऊ दे तिला बिडकीनला," तो म्हणाला. "अक्का म्हणती ते बरोबर. मीच मार्क खाल्ला तिचा. आता कुठल्या तोंडानं म्हणू, पुन्हा बस?"

"दादा, तुम्ही पण?" आशाबाई म्हणाली. ती एकटीच उरली. तिला सांडूची दया येत होती आणि त्याचा संतापही आला होता. इतकी वर्षं या माणसानं कधी शब्द फिरवला नव्हता, आणि आज पोरीला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा फिरवला. ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही तरी बोला."

"तीन विरुद्ध एक झालं," रामकिसन पुटपुटला.

"मग ठरलं," द्वारकाबाई म्हणाली. "मी लावते फोन."

"आत्या, थांब जरा." शिवकन्या पुस्तक बंद करत म्हणाली. "तात्या, तीनशेतले किती चुकले माझे?"

"एक," सांडू म्हणाला.

"एक नाय. एकशे एक्कावन्न."

हा हिशोब तीन दिवसांत कुणी केलाच नव्हता. सगळे त्या एका मार्काकडं बघत बसले होते. रामकिसननं ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"त्यातला बकऱ्याचा एक," ती म्हणाली. "बाकीचे दीडशे कुणाच्या वाट्याचे? मम्मीच्या चक्राचे दोन चुकले, मी सांगितलं नाय. जंतूंचे कितीतरी चुकले. चाचांच्या औषधांचे तर मी मोजलेच नाय. अन् जे बरोबर आले, त्यातले बी कितीक अंदाजानं टाकलेत. डोळे झाकून. मला अर्धं येत नाय, तात्या. तुम्ही उगाच स्वतःला खाऊ नका."

हे ऐकून कुणाला बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं. तरी सांडूनं मान वर केली.

"अर्धं तर येतंय ना," द्वारकाबाई म्हणाली. तिला खरोखरच यात अडचण दिसत नव्हती. "दवाखान्यात काय येतंय? ताप, खोकला, जुलाब. पाठीमागची नस कोण विचारायला बसलंय तिथं? अन् पहिली पेशंट मीच. थांब, आलेच आहे तर आत्ताच दाखवते."

तिनं पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढून शिवकन्याच्या हातात दिली. बीपीची गोळी, दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली. आणि तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला. रात्री झोप नाही, काढा झाला, मध-आलं झालं, काही फरक नाही.

"शेजारीण म्हणती गोळीनंच व्हतंय. बंद करू का चालू ठेवू? तू सांग."

शिवकन्यानं पट्टीवरचं नाव वाचलं. नावाच्या शेवटी 'प्रिल' होतं; त्या जातीच्या गोळ्यांनी कधी कधी असा खोकला येतो. आतून काहीतरी उजळल्यासारखं झालं: कोरडा खोकला, पर्याय ब. हा प्रश्न तिनं पन्नास वेळा सोडवला होता. चार पर्याय दिले असते तर तिनं ब वर क्लिक केलं असतं आणि पुढं गेली असती. पण समोर चार पर्याय नव्हते, समोर आत्या होती. खोकला गोळीचाच कशावरून? आत्याचे पाय सुजतात का, तिनं कधी विचारलं नव्हतं. टीबी नसेल कशावरून? छाती ऐकायची तर कुठं काय ऐकू यायला पाहिजे? बंद केली आणि बीपी चढलं तर? हिच्या बदली कुठली द्यायची, कुणाला कुठली चालत नाही, हे सगळं तिनं वाचलं होतं, आणि त्यातलं एकही धड हाताला लागत नव्हतं.

"बोल की," द्वारकाबाई म्हणाली. "तू बंद म्हण, आत्ता बाहेर नालीत टाकते पट्टी."

"खरंच टाकशील?"

"मग काय? तू सांगितल्यावर कामून नाय टाकायची? तू घरची डॉक्टर."

तिचा हात पुढं आलेला होता. पट्टी घ्यायला आणि टाकायलाही. सहासष्ट वर्षांची ही बाई, जी बिडकीनच्या डॉक्टरांशी भांडायची, मेडिकलवाल्याशी भांडायची, भाजीवालीशी भांडायची, ती या एका माणसाचा शब्द न विचारता गिळायला तयार होती. शिवकन्यानं पट्टी मुठीत घट्ट धरली. तीन निकालांच्या वेळी तिला लाज वाटली होती, राग आला होता. भीती आज पहिल्यांदा वाटली. गुरुवारपासून अशी रांग लागणार होती, आणि त्या रांगेतल्या एकालाही माहीत नसणार होतं की खुर्चीतलीला अर्धं येत नाही.

"टाकू नको," ती म्हणाली. "आपल्या मनानं बंद करू नको. आज संध्याकाळी मी येते तुझ्यासोबत, तुझ्या डॉक्टरांना खोकल्याचं सांगू. ते ठरवतील."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाय, आत्या. मी बिडकीनला बसणार नाय. माझ्याकडं येऊ नको तू, अजून नको. चूक झाली तर मला कळणार बी नाय की चूक झाली." तिनं पट्टी आत्यापुढं धरली. "तुला काही झालं माझ्या हातून तर मी काय करू?"

द्वारकाबाईनं पट्टी परत घेतली, नीट दुमडून पिशवीत ठेवली, आणि चिडून म्हणाली, "मला तोंडघशी पाडलंस तू."

"व्हय," शिवकन्या म्हणाली.

"मी शब्द दिलाय तिथं. साऱ्या गल्लीला सांगितलंय." तिनं भावांकडं बघितलं. रामकिसननं नजर चुकवली. सांडूनं चुकवली नाही. तो पोरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता, आणि आशाबाईही. निजामुद्दीन एव्हाना तोंड वळवून खाली बसला होता आणि मुकाट्यानं पुस्तकाची विस्कटलेली पानं सरळ करत होता.

द्वारकाबाईनं फोन काढला. नंबर लावला आणि पलीकडं घंटी वाजायला लागल्यावर तो रामकिसनपुढं धरला. "तू सांग. माझ्यानं नाय व्हायचं."

रामकिसननं हात मागं घेतला. शिवकन्यानं हात पुढं केला. "दे आत्या, मी सांगते."

द्वारकाबाईनं तिच्याकडं बघितलं, तिच्या पसरलेल्या हाताकडं बघितलं, आणि फोन स्वतःच्याच कानाला लावला.

"नको. सात वर्षं मीच सांगत फिरले," ती म्हणाली. "हां, हॅलो, डॉक्टरसाहेब? द्वारकाबाई बोलतेय. ते गुरुवारचं जमायचं नाय. तुम्ही तुमचा दुसरा माणूस बघा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय, पोरीची तब्येत चांगली हाय. लग्न बी ठरलं नाय. ती डॉक्टर नाय, डॉक्टरसाहेब. मी खोटं सांगत होते. नापास झालीय ती."

शनिवारपासून हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. एकच मार्क, झालीच समज, नशीब, असं सगळं म्हणून झालं होतं. शिवकन्यानं तो आत्याच्या तोंडून ऐकला, आणि तिला रडू आलं, आणि रडता रडता तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.